कल्हई कुठल्या भांड्याला? हेमॅटाइट फोटोॲनोडच्या पृष्ठभागाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न इंदूरच्याच एका संशोधक विद्यार्थ्याचा आहे. तो हेमॅटाइटचा, म्हणजे लाल लोह ऑक्साइडचा, फोटोॲनोड बनवतो: उजेड पडला की पाण्यातून ऑक्सिजन सोडणारा इलेक्ट्रोड. थोडक्यात असा: "काका, एफटीओ काचेवर (वीजवाहक लेपाच्या काचेवर) हायड्रोथर्मल पद्धतीने हेमॅटाइटचे नॅनोरॉड वाढवतो आणि ५५० अंशांवर तासभर भाजतो. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, आरएचईच्या (हायड्रोजनच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत १.२३ व्होल्टला चौरस सेंटिमीटरमागे ०.२५ मिलिअँपिअर मिळतात. प्रवाह सुरूच होतो १ व्होल्टच्या आसपास. कोबाल्ट-फॉस्फेट चढवलं तर ०.२८ झाले. गाइड म्हणतात टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दे, सीनियर म्हणतो निकेल-आयर्न लाव, एका पेपरमध्ये ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) दिलाय. पृष्ठभाग सुधारायला नेमकं काय लावू?"

सध्या काहीच लावू नकोस.

तुझे आकडे बघून मला वाटतं की चोर पृष्ठभागावर नाही, निदान एकटा तिथे नाही. तो कुठे बसलाय हे कळायला पाच मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक दुपार पुरते. पण हा प्रयोग कुणी आधी करत नाही. सगळे आधी थर चढवतात, आकडा हलला नाही की दुसरा थर चढवतात, आणि तिसऱ्या वर्षी सिनॉप्सिसच्या वेळी लक्षात येतं की रोग भलत्याच जागी होता. मी स्वतः यात दीड वर्ष घालवलं आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

आधी हिशेब मांडू. हेमॅटाइटचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ५९० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचा प्रकाश तो शोषतो. प्रमाणित सूर्यप्रकाशात, म्हणजे एएम १.५जी आणि चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट धरून, शोषता येण्याजोगा प्रत्येक फोटॉन कामी आला तर प्रवाह १२.६ मिलिअँपिअर व्हायला हवा. तुझे ०.२५ आहेत, म्हणजे रुपयातले दोन पैसे. उरलेले अठ्ठ्याण्णव पैसे तीन वाटांनी जातात. काही प्रकाश शोषलाच जात नाही. काही होल (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उठला की मागे उरणारी धन जागा) आतल्या आत इलेक्ट्रॉनला भेटून संपतात. आणि काही पृष्ठभागापर्यंत पोचतात, पण पाण्याशी व्यवहार व्हायच्या आत तिथेच मरतात. तू ज्या तीन-चार लेपांची नावं घेतलीस, ते सगळे फक्त तिसरी वाट अडवतात.

हेमॅटाइटची अडचण अशी की दुसरी वाट फार रुंद आहे. यात होल २ ते ४ नॅनोमीटरच सरकतो आणि संपतो. उलट ५५० नॅनोमीटरचा प्रकाश शंभराहून जास्त नॅनोमीटर आत शिरतो. म्हणजे माल तयार होतो सांवेरला आणि गाडी सुटते राजवाड्यावरून; मधली वाट चालायचं बळ होलमध्ये नाही. नॅनोरॉड वाढवतात ते याचसाठी, की होलला आडवं, थोडंच चालावं लागावं. पण रॉडची जाडी ४०-५० नॅनोमीटर असेल, तर गाभ्यात जन्मलेल्या होलला तेही जड जातं.

तुझ्या आलेखात दोन वेगळ्या तक्रारी मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या कर. एक, प्रवाह उशिरा सुरू होतो. हेमॅटाइटचं फ्लॅटबँड, म्हणजे जिथून पुढे होल आणि इलेक्ट्रॉन वेगळे ओढले जातात ते विभव, साधारण ०.५ व्होल्टच्या आसपास असतं, म्हणजे प्रवाहाने तिथून जवळच डोकं वर काढायला हवं. तुझा १ व्होल्टला काढतो. हा अर्धा व्होल्ट मुख्यतः पृष्ठभागावर बुडतो. दोन, प्रवाह सुरू झाल्यावरही तो वर चढत नाही, पठार खुजंच राहतं. हा बहुधा आतल्या मालाचा दोष. लेपाने पहिली तक्रार बरी होऊ शकते, दुसरी होत नाही. म्हणून १.२३ व्होल्टचा एकटा आकडा सांगणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नसतो. पूर्ण आलेख दाखव म्हणतो.

आता पेरॉक्साइडची चाचणी. पाण्याचं ऑक्सिडीकरण हेमॅटाइटला फार जड जातं. एक ऑक्सिजन रेणू सोडायला चार होल लागतात, आणि पृष्ठभागावर पोचलेला होल पाण्याशी व्यवहार करायला शेकडो मिलिसेकंद, कधी सेकंदभरही घेतो. होल-इलेक्ट्रॉनच्या पुनर्मीलनाला तेवढा वेळ लागत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र होल दिसला की ओरबाडून घेतो. म्हणून द्रावणात पेरॉक्साइड असेल, तर पृष्ठभागावर पोचलेला जवळजवळ प्रत्येक होल प्रवाहात मोजला जातो. म्हणजे पृष्ठभाग आदर्श असता तर किती मिळालं असतं, हे एकही थर न चढवता समजतं.

कृती सोपी आहे. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ०.५ मोलर पेरॉक्साइड. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड साधारण ९.८ मोलर असतं, तेव्हा १०० मिलिलिटर द्रावणाला पाच मिलिलिटर पुरे. ताजं बनव आणि लगेच वापर, अल्कलीत ते आपोआप फुटत राहतं. चष्मा नि हातमोजे घाल. आधी अंधारात स्कॅन घे, म्हणजे व्होल्टेज वाढवत नेऊन प्रवाह मोज, कारण जास्त व्होल्टेजला आणि उघड्या एफटीओवर पेरॉक्साइड अंधारातही प्रवाह देतं. तो वजा करायचा. मग उजेडात. आणि ही चाचणी कोऱ्या फिल्मवरच कर. कोबाल्ट किंवा निकेल चढवलेल्या पृष्ठभागावर पेरॉक्साइड नुसतंच फसफसतं, आकडा निरर्थक होतो. बिस्मथ व्हॅनाडेटवर (दुसरा एक फोटोॲनोड पदार्थ) काम करणारे याच कामाला सल्फाइट वापरतात.

मग प्रत्येक व्होल्टेजला साध्या द्रावणातला प्रवाह भागिले पेरॉक्साइडमधला प्रवाह. ही पृष्ठभागाची कार्यक्षमता. समज १.२३ व्होल्टला पेरॉक्साइडमध्ये तुला ०.३० मिळाले. म्हणजे पृष्ठभाग आत्ताच ऐंशी टक्क्यांच्या वर काम करतोय. सोन्याचा मुलामा दिलास तरी ०.३० च्या पुढे जाणार नाहीस. उलट पेरॉक्साइडमध्ये १.१ मिळाले, तर चारातले तीन होल पृष्ठभागावर मरतायत आणि लेपाला अर्थ आहे. कोबाल्ट-फॉस्फेटने तुला जेमतेम ०.०३ वाढवून दिले, म्हणून माझा कौल पहिल्या शक्यतेला आहे. (दुसरंही एक कारण असू शकतं, त्याकडे पुढे येतो.)

तसं निघालं तर भट्टीकडे वळायचं. ५५० अंशांवर भाजलेला, काही न मिसळलेला हेमॅटाइट दिसायला लालबुंद सुंदर असतो, पण प्रवाह देत नाही. हीच फिल्म ८०० अंशांवर दहा-वीस मिनिटं भाजली की एकदम जिवंत होते. याची बरीच चर्चा २०१० च्या सुमारास झाली, स्वित्झर्लंडमध्ये ग्रेट्झेल यांच्या प्रयोगशाळेत सिवुला यांनी केलेल्या कामानंतर. कारण मजेशीर आहे: एफटीओ म्हणजे फ्लोरीन मिसळलेला टिन ऑक्साइड, आणि एवढ्या तापमानाला त्यातलं कथील वर सरकून हेमॅटाइटमध्ये घुसतं. कथील चौसंयुजी, लोह त्रिसंयुजी. एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो आणि वहन सुधारतं. लोक पृष्ठभागावर काय लावावं म्हणून डोकं फोडत होते आणि औषध तळातून आलं.

मात्र साधी एफटीओ काच ८०० ला वाकते. आमच्याकडे पहिल्या खेपेला पापडासारखी मुरडून आली होती. उपाय असा: भट्टी आधी ८०० ला आणायची, सपाट सिरॅमिक टाइलवर नमुना ठेवून दहा मिनिटं आत, मग बाहेर. हळूहळू तापवत नेलीस तर काच जास्त वेळ मऊ राहते. परवडत असेल तर जास्त तापमान सोसणारी बोरोसिलिकेट काच घे. आणि भाजण्याआधी नि नंतर मल्टिमीटरने काचेचा रोध मोज, इतक्या तापमानाला तो वाढतो. भट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. थर्मोकपल नमुन्यापासून चार बोटं लांब असेल तर पन्नास अंशांचाही फरक पडतो. ८०० नकोच असेल तर वाढवण्याच्या द्रावणातच थोडं कथील किंवा टायटॅनियम मिसळ आणि ६५० च्या आसपास भाज.

आणखी एक फुकटची चाचणी. तीच फिल्म एकदा समोरून उजेड टाकून मोज, एकदा काचेच्या बाजूने. काचेच्या बाजूने प्रवाह ठळकपणे जास्त आला तर इलेक्ट्रॉनला काचेपर्यंत पोचायला त्रास होतोय, म्हणजे दोष वहनात किंवा तळाच्या जोडात आहे. मग हेमॅटाइटखाली काही नॅनोमीटरचा नायोबियम किंवा गॅलियम ऑक्साइडचा थर उपयोगी पडतो.

आता धरून चालू की चाचणीत पृष्ठभाग दोषी निघाला. मग तुझे गाइड, सीनियर आणि तो पेपर यांचं भांडण सोडवू. खरं तर ते भांडणच नाही, तिघं तीन वेगळ्या कामांबद्दल बोलतायत.

लहानपणी राजेंद्रनगरात आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने सपकन पुसायचा. त्याची तीन कामं वेगळी होती. घासणं वेगळं. नवसागराने ऑक्साइड काढून धातू मोकळा करणं वेगळं. आणि कल्हई, म्हणजे आंबट पदार्थापासून तांब्या-पितळेला वाचवणारा थर, ती वेगळी. फोटोइलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाचंही तसंच. एक काम दोष बुजवण्याचं: पृष्ठभागावरच्या ज्या सापळ्यांत होल आणि इलेक्ट्रॉन भेटतात, ते बंद करणं. दुसरं उत्प्रेरकाचं: पाण्याशी व्यवहार लवकर उरकणं. तिसरं संरक्षणाचं: मूळ पदार्थ द्रावणात गळू नये. ॲल्युमिना पहिलं काम करतो, निकेल-आयर्न दुसरं (आणि बऱ्याचदा पहिलंही), टायटॅनियम डायऑक्साइड मुख्यतः तिसरं.

आणि लोखंडी तव्याला कोणी कल्हई करत नाही. हेमॅटाइट तीव्र अल्कलीत मुळातच टिकाऊ आहे, त्याला संरक्षण नको. उलट टायटॅनियम डायऑक्साइडचा व्हॅलन्स बँड (होल ज्यातून फिरतात ती ऊर्जापट्टी) हेमॅटाइटच्या बराच खाली असतो, त्यामुळे होलला त्यातून बाहेर पडता येत नाही. दहा-वीस नॅनोमीटरचा नीट स्फटिकी थर दिलास तर तू दरवाजाच बुजवलास. अगदी पातळ, नॅनोमीटरच्या आसपासचा थर देऊन भाजला तर दोष बुजतात आणि फायदा होतो, असं काहींच्या कामात दिसतं. तुमचे गाइड बहुधा तेच म्हणत असावेत. त्यांना जाडी विचार. वाद घालू नकोस, जाडी विचार.

कल्हईची खरी गरज तांब्याला. क्युप्रस ऑक्साइड हा फोटोकॅथोड (उजेडात पाण्यातून हायड्रोजन सोडणारा इलेक्ट्रोड) म्हणून फार गुणी पदार्थ, पण त्याचं स्वतःचं क्षपण विभव बँड गॅपच्या आतच पडतं. उजेड पडला की पाण्याआधी तो स्वतःच तांबं व्हायला लागतो, काही मिनिटांत काळवंडतो. २०११ मध्ये लोझानच्या गटाने त्याच्यावर आधी ॲल्युमिनियम मिसळलेला झिंक ऑक्साइड, मग टायटॅनियम डायऑक्साइड आणि वर प्लॅटिनम असे थर चढवले, ऑक्साइडचे अणुस्तरनिक्षेपणाने (एका वेळी अणूंचा एकेक थर देणाऱ्या पद्धतीने), आणि शून्य व्होल्टला ७.६ मिलिअँपिअर मिळवले. तिथे टायटॅनियम डायऑक्साइड चालतो कारण फोटोकॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर जायचा असतो आणि तो त्याच्या कंडक्शन बँडमधून (इलेक्ट्रॉन ज्यातून फिरतात त्या पट्टीतून) आरामात जातो. सिलिकॉनची गोष्ट आणखी निराळी: २०१४ मध्ये कॅलटेकमधल्या लुईस यांच्या गटाने अस्फटिकी, न भाजलेला टायटॅनियम डायऑक्साइड शंभर नॅनोमीटरहून जाड देऊनही वर निकेल ठेवून होल बाहेर काढले, कारण तो थर दोषांनी भरलेला, 'गळका' होता. एकाच नावाचा पदार्थ एका ठिकाणी भिंत, दुसऱ्या ठिकाणी दार. म्हणून पेपरमधून लेपाचं नुसतं नाव उचलू नये. खाली काय आहे, कोण बाहेर पडायचंय आणि थर भाजलाय का, हे बघावं.

ॲल्युमिनाबद्दल थोडक्यात. २०११ मध्येच हेमॅटाइटवर अणुस्तरनिक्षेपणाचे मोजके फेरे देऊन, म्हणजे नॅनोमीटरच्या आसपास ॲल्युमिना चढवून, प्रवाहाची सुरुवात साधारण १०० मिलिव्होल्ट अलीकडे आणल्याचं दाखवलं गेलं. ॲल्युमिना उत्प्रेरक नाही, तो फक्त सापळे बुजवतो, त्यामुळे नंतर वर कोबाल्ट देऊन आणखी फायदा घेता आला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव: ॲल्युमिना अल्कलीत विरघळतो. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये त्या नॅनोमीटरभर थराचं आयुष्य फार नाही. पहिल्या स्कॅनला दिसलेला फायदा दहाव्या स्कॅनला आहे का, ते पाहिल्याशिवाय बोलू नये.

आता कोबाल्ट-फॉस्फेट. तू मोजतोस सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. कानन आणि नोसेरा यांनी २००८ मध्ये हा उत्प्रेरक मांडला तो फॉस्फेट द्रावणात, पीएच ७ ला, आणि त्याची खासियत हीच की द्रावणातल्या फॉस्फेटच्या मदतीने तो स्वतःची डागडुजी करतो. फॉस्फेटच नसलेल्या तीव्र अल्कलीत तो कोबाल्ट ऑक्सिहायड्रॉक्साइड होऊन जातो. वाईट नाही, पण मग ते कोबाल्ट-फॉस्फेट राहत नाही आणि त्याच्या नावाचे फायदे मोजायला आपण बसू नये. मघाशी म्हणालो ते दुसरं कारण हे. एक तर मोजमाप ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेटमध्ये, पीएच ७ ला कर, नाहीतर अल्कलीतच राहून निकेल-आयर्नकडे जा. चढवायचंच असेल तर ०.५ मिलिमोलर कोबाल्ट नायट्रेट, तोच फॉस्फेट बफर, उजेड चालू आणि व्होल्टेज कमी. उजेडात चढवलं की जिथे होल येतात तिथेच कोबाल्ट बसतं. थर डोळ्यांना दिसायला लागला, तपकिरी झाक आली, की जास्त झाला समज. तो आता प्रकाश खातोय आणि होल साठवून बसतोय.

इथे एक वाद आहे आणि मला तो या विषयातला सर्वांत रोचक भाग वाटतो. कोबाल्ट-फॉस्फेट उत्प्रेरक म्हणून काम करतं का, हेच नक्की नव्हतं. लंडनच्या डुरंट यांच्या गटाला हेमॅटाइटवर असं दिसलं की ते चढवल्यावर होल जास्त काळ जगतात, म्हणजे मुख्य फायदा पुनर्मीलन कमी होण्यात आहे. दुसऱ्या बाजूला काही गटांना होल खरोखर कोबाल्टमध्ये शिरताना दिसले. मग २०१७ मध्ये बर्लिनहून बिस्मथ व्हॅनाडेटवरचं काम आलं; त्यांनी तर शीर्षकातच लिहिलं की प्रवाह पृष्ठभागावरच्या पुनर्मीलनाने अडतो, उत्प्रेरणाने नाही. माझा कल या बाजूला आहे. आपण ज्याला उत्प्रेरक म्हणून लावतो तो पुष्कळदा नुसता दोष बुजवणारा निघतो.

हे तुझ्यापुरतं तपासायला भारी यंत्र लागत नाही. ठरावीक व्होल्टेजला पोटेंशिओस्टॅट ठेव आणि पुठ्ठ्याने उजेड अडव-सोड कर, पाच-पाच सेकंद. उजेड आल्या क्षणी प्रवाह उसळून मग खाली बसतो, आणि बंद केल्यावर क्षणभर उलट दिशेला बुडी मारतो. ती उसळी म्हणजे पृष्ठभागावर जमलेले होल, आणि उलटी बुडी म्हणजे त्यांना भेटायला परत आलेले इलेक्ट्रॉन. लेप दिल्यावर उसळ्या कमी झाल्या, तर पुनर्मीलन घटलं. कोऱ्या फिल्मवर उसळ्या आधीच नसतील, तर लेपाने काय सुधारणार होतं?

निकेल-आयर्न अल्कलीत उत्तम चालतो आणि स्वस्त आहे. निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडचं नाव मोठं, पण २०१४ मध्ये ओरेगॉनच्या बोएचर यांच्या गटाने दाखवलं की त्याचं बरंचसं कर्तृत्व बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून नकळत आलेल्या लोहाचं होतं. लोह काढून टाकल्यावर निकेल अगदीच सामान्य निघालं. तुझ्याकडे तळालाच लोह आहे, तरी चढवतानाच मिसळ. पण एका फसवणुकीपासून सावध राहा. निकेलची स्वतःची ऑक्सिडीकरणाची लाट १.३५-१.४ व्होल्टच्या आसपास येते, उजेडात आणखी अलीकडे. भरभर स्कॅन केलास तर तो प्रवाह पाण्याचा वाटतो, असतो निकेलचा. स्कॅन मंद कर, मग १.२३ ला तासभर धरून ठेव. तासानंतर जे उरेल ते तुझं.

लेपाला दोन तोंडं असतात, हेही विसरू नये. एक खाली पदार्थाकडे, एक वर द्रावणाकडे. किम आणि चोई यांनी २०१४ मध्ये बिस्मथ व्हॅनाडेटवर आधी लोह ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि त्यावर निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड दिलं. लोहाचा थर खाली चांगला जुळतो, निकेलचा थर द्रावणाशी चांगला जुळतो. क्रम उलटा केला की फायदा घटतो. दोन्ही थर आपापल्या परीने उत्प्रेरकच, तरी कोण कुणाशेजारी बसतो यावर निकाल ठरला. लग्नाच्या पंगतीत आपल्याकडे हे शास्त्र फार पूर्वीपासून आहे.

तुझ्याकडे अणुस्तरनिक्षेपणाचं यंत्र नाही हे मला माहीत आहे, आणि तुला त्याचं वाईट वाटतंय हेही. वाटू देऊ नकोस. हेमॅटाइटवर प्रवाहाची सुरुवात सर्वांत अलीकडे खेचणाऱ्या कामांपैकी एक बादलीत होण्यासारखं आहे. २०१५ मध्ये बॉस्टनच्या एका गटाने वाढवलेल्या फिल्मवर पुन्हा त्याच जातीच्या द्रावणातून हेमॅटाइट वाढवला, पुन्हा भाजला, असं काही वेळा केलं. पृष्ठभागावरची वेडीवाकडी रचना सुधारत गेली, वर निकेल-आयर्न दिल्यावर प्रवाह ०.४५ व्होल्टला सुरू झाला, आणि मागे अस्फटिकी सिलिकॉन जोडून बाहेरची वीज न घेता पाणी फुटलं, कार्यक्षमता ०.९१ टक्के. परका पदार्थ न आणता भांडंच पुन्हा घासण्याचा हा प्रकार मला सगळ्यात आवडतो. तुझ्यासाठी माझी पहिली शिफारस हीच; निकेल-आयर्न त्याच्यानंतर.

मोजमापाच्या खोड्या बऱ्याच आहेत, तीनच सांगतो. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड वापरत असशील तर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, पीएच १३.६ धरून, आरएचईचे १.२३ व्होल्ट म्हणजे त्याच्यावरचे साधारण ०.२३. शिवाय तो इलेक्ट्रोड अल्कलीत दिवसेंदिवस सरकत जातो. मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा घे. दुसरं, दिवा. आमच्या झेनॉन दिव्यावर एकदा प्रवाह दुप्पट आला, पेढे वाटायचेच बाकी होते. फिल्टर बसवायचा राहिला होता आणि अतिनील भरमसाठ होतं. तेव्हापासून चांगला आकडा आला की मी नमुना गच्चीवर नेतो. इंदुरात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर, साधारण साडेबाराच्या सुमारास, आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेपासून पश्चिमेला आहोत म्हणून. तपासून घेतलेल्या पायरॅनोमीटरशेजारी (सूर्यप्रकाशाची तीव्रता मोजणारं उपकरण) सेल ठेवून वाचन घे. दिव्याची लबाडी गच्चीवर पाच मिनिटांत उघडी पडते.

तिसरं, पाणी. नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून एवढं वर चढवून आणलेलं, प्यायला गोड, पण फिल्म धुवायला नको. एका मुलाने घाईत नळाखाली फिल्म धरली आणि मग फॉस्फेट बफरमध्ये बुडवली. पांढरट पापुद्रा आला. आठवडाभर आम्ही त्याला 'नवी पॅसिव्हेशन लेयर' म्हणत होतो. कॅल्शियम फॉस्फेट होतं ते.

आणि राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राबद्दल तू शेवटी एक ओळ लिहिली आहेस, "तिथे काही करता येईल का". येईल. जगभरची मुलं सिंक्रोट्रॉनसाठी (वेगवान इलेक्ट्रॉनच्या वलयातून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) विमानाने जातात, तुझ्या घरापासून तिथला इंडस-२ रिक्षाच्या अंतरावर आहे. पिकतं तिथे विकत नाही, तसं झालंय आपलं. २.५ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या त्या वलयावर मृदू क्ष-किरणांत लोहाची एल-कड (कड म्हणजे जिथे शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा; ही ७१० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास) आणि ऑक्सिजनची के-कड (५३० च्या आसपास) बघता येते. इलेक्ट्रॉन मोजले तर वरचे काही नॅनोमीटर दिसतात, प्रतिदीप्ती मोजली तर शंभरेक नॅनोमीटर आतपर्यंत. एकाच नमुन्याची साल आणि गर वेगळी बघण्याची सोय! ऑक्सिजनच्या कडेआधी दिसणाऱ्या खुणांवरून हेमॅटाइटमधले दोन प्रकारचे होल ओळखल्याचं काम स्वित्झर्लंडच्या ब्राउन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं आहे, ते वाच.

कठीण क्ष-किरणांत लेपाची संरचना बघायची असेल तर कोबाल्टऐवजी निकेल घे. हेमॅटाइटवर कोबाल्टची कड मोजताना खालचं लोहही पेटतं, आणि लोहाची के-बीटा रेषा (७.०६ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट) कोबाल्टच्या के-अल्फाला (६.९३) इतकी चिकटून येते की डिटेक्टरला दोन्ही सुट्या करता येत नाहीत. निकेलची रेषा ७.४८ ला, मोकळी. ही गोष्ट मला बीमटाइम (तिथे मोजायला मिळालेला वेळ) संपायला चार तास उरले असताना कळली होती. आणि प्रस्तावात "पृष्ठभागाचा अभ्यास करायचा आहे" असं लिहू नकोस. "८०० अंशांनंतर कथील रॉडच्या सालीत जमतं की गाभ्यात" असं लिही. नेमक्या प्रश्नाला वेळ मिळतो.

तर सोमवारी असं कर. एकाच दिवशी, एकाच द्रावणातून बारा फिल्म वाढव. सहा ५५० ला तासभर, सहा ८०० ला दहा मिनिटं. दोन्ही गटांतल्या तीन-तीन फिल्मवर साधं द्रावण, पेरॉक्साइड, समोरून, काचेच्या बाजूने, आणि पुठ्ठ्याची उघडझाप. उरलेल्या सहा बंद डबीत ठेव, त्यांना हात लावू नकोस; लेप त्यांच्यावर द्यायचा आहे, पण कोणता ते या आलेखांवरून ठरवू. पेरॉक्साइडची बाटली घेताना मात्र स्टोअरवाल्याकडून तारीख बघून घे. वर्षभर उघडझाप झालेली बाटली लेबलवर ३० टक्के असते, आत नसते. आणि मेडिकलच्या दुकानातली आणू नकोस, तिच्यात टिकवण्यासाठी काय-काय घातलेलं असतं.